आजी आज जेवल्या नाहीत

वृद्धाश्रमात किंवा शुश्रूषा केंद्रात सकाळी पाळी बदलते, तेव्हा रात्रीची मावशी पिशवी उचलता उचलता दिवसाच्या मावशीला काहीतरी सांगून जाते. तीन नंबरच्या आजी काल जेवल्या नाहीत. खिडकीजवळचे काका मला ओळखेनात. त्या कोपऱ्यातल्या ताई रात्रभर पांघरूण ओढत होत्या. हे बोलणं कुठल्याच कागदावर उतरत नाही. कागदावर ताप उतरतो, रक्तदाब उतरतो, साखर उतरते, आणि त्या दिवशी हे सगळं बहुधा ठीकच असतं. चार-पाच दिवसांनी आजींना धाप लागते, रुग्णवाहिका येते आणि केसपेपरवर अचानक उद्भवलेल्या न्यूमोनियाची नोंद होते. खरं तर अचानक काहीच झालेलं नसतं. मावशीला ते आधीच कळलेलं असतं, पण तिला कोणी विचारलेलं नसतं.

हे मी अंदाजाने लिहीत नाही. अमेरिकेतल्या एका नर्सिंग होममध्ये केनेथ बूकव्हार आणि सहकाऱ्यांनी हे मोजून पाहिलं आणि २००० साली प्रसिद्ध केलं. आंघोळ घालणाऱ्या, भरवणाऱ्या, कूस बदलणाऱ्या मदतनिसांच्या हाती एक साधा कागद दिला आणि सांगितलं, की माणसात काही बदल दिसला तर इथे खूण करा. नंतर ज्यांना आजार झाला त्यांच्या केसपेपरशी त्या खुणा ताडून पाहिल्या. मदतनिसांच्या खुणा केसपेपरवरच्या पहिल्या नोंदीच्या सरासरी पाच दिवस आधीच्या होत्या. ऐंशी वर्षांच्या फुप्फुसांना पाच दिवस म्हणजे फार मोठी मुदत आहे. तेवढ्यात वेळेवर औषध मिळून माणूस आपल्या खाटेवरच बरा होऊ शकतो, नाहीतर अतिदक्षता विभागात पोचतो.

म्हाताऱ्या शरीरात संसर्ग पाठ्यपुस्तकाप्रमाणे वागत नाही. तरुणाला न्यूमोनिया झाला की सणसणून ताप येतो, खोकला येतो. नव्वदीच्या आजींना कधीकधी तापच येत नाही. त्या जेवण सोडतात, झोपाळू होतात, बडबडतात, न्हाणीघरात पडतात. त्यांचं रोजचं तापमानच मुळात कमी असतं, म्हणून अमेरिकेतल्या मार्गदर्शक सूचनांत वृद्ध निवासींसाठी तापाची व्याख्या वेगळी आहे. तोंडात एकदा १०० अंश फॅरनहाइट भरलं तरी तो ताप समजायचा, आणि स्वतःच्या नेहमीच्या तापमानापेक्षा दोन अंशांनी वाढलं तरीही ताप समजायचा. पण हे नेहमीचं तापमान कोणाला ठाऊक असतं? आठवड्यातून एकदा येणाऱ्या डॉक्टरांना ठाऊक असणं शक्य नाही. नेहमीची भूक, नेहमीची चाल, नेहमीची चिडचिड हे सगळं मावशीला ठाऊक असतं, शेजारच्या खाटेवरच्या आजींना ठाऊक असतं, आणि रविवारी येणाऱ्या मुलीला तर आईने हाक ऐकून मान कशी वळवली यावरूनच कळतं.

हा विषय मी भेस्तानपासून पाहतो आहे, त्याला कारण आहे. सुरतेच्या दक्षिणेला, मुंबईकडे जाणाऱ्या रेल्वेवर, उधना आणि सचिनच्या मध्ये भेस्तान येतं. उत्तरेला पांडेसराच्या कापड गिरण्या, खाली सचिनची औद्योगिक वसाहत. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा आणि भेस्तानच्या वस्त्यांत जळगाव, धुळे, नंदुरबारहून आलेली घरं दाटीने राहतात. घरात अहिराणी बोलतात, बाहेर गुजराती-हिंदी. पुरुष यंत्रमागावर जातात, बायका घरकामाला. अशाच वस्त्यांतल्या बायका दवाखान्यांत आया होतात, ब्युरोमार्फत बारा-बारा तासांच्या पाळीने कोणाच्या तरी आजीची शुश्रूषा करतात. त्यांची स्वतःची आई मात्र अमळनेर-शिरपूरकडे गावी असते. आपल्या माणसाचं आजारपण फोनवर ऐकायचं आणि परक्याचं हाताने काढायचं, अशी ही वाटणी आहे. देशातल्या प्रत्येक मोठ्या शहराच्या कडेला अशी एक वस्ती आहे. वृद्धांच्या संसर्गाविषयी जे ज्ञान आहे, ते सर्वांत आधी या वस्तीत आलेलं असतं.

सुरतेला संसर्ग काय करतो हे वेगळं सांगायला नको. सप्टेंबर १९९४ मध्ये इथे फुप्फुसाच्या प्लेगची बातमी पसरली. त्याआधी ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीचा प्लेग दिसला होता. सुरतेत खरं काय चाललंय हे कामगारांना कोणी नीट सांगितलं नाही, आणि लाखो माणसं मिळेल त्या गाडीने शहर सोडून गेली. त्यांत खानदेशाकडे परतलेलीही असंख्य होती. पुढच्या वर्षी महापालिका आयुक्त म्हणून एस. आर. राव आले. त्यांनी अधिकाऱ्यांना वातानुकूलित खोल्यांतून उठवून रोज सकाळी गल्लीत उभं केलं, कचरा आणि सांडपाण्याची घडी बसवली, आणि रुग्णांच्या रोजच्या नोंदीची शिस्त शहराला लागली. दिल्ली-मुंबईनेही या कामाचं कौतुक केलं. पण रुग्णालयाच्या दाराशी आलेला आजार मोजायचा, तर त्याआधीचे पाच दिवस हातून गेलेले असतात. ते दिवस मोजणारी माणसं दाराच्या आत असतात, आणि संशोधनात त्यांची गणना कधी नमुना म्हणून होते, कधी अडथळा म्हणून.

त्यांना संशोधक करता येतं का, याचं उत्तर महाराष्ट्राने फार पूर्वी दिलं आहे. ते वृद्धाश्रमातून आलं नाही, गडचिरोलीच्या बाळंतिणीच्या खोलीतून आलं.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. नवजात बाळं का मरतात हा त्यांच्यासमोरचा प्रश्न होता, आणि जंतुसंसर्ग हे एक मोठं कारण होतं. नवजात बाळाचा जंतुदोष ओळखायचा तर रक्ताची तपासणी हवी, बालरोगतज्ज्ञ हवा, असं तेव्हाचं शास्त्र सांगत होतं. गावात दोन्ही नव्हतं. म्हणून गावातल्याच थोड्याफार शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. त्या बाळंतपणाला हजर राहायच्या, पुढचे दिवस घरी फेऱ्या मारायच्या, बाळाला पाहायच्या, आईला विचारायच्या आणि लिहून ठेवायच्या. त्या नोंदींतून पुढे सात खुणांचं एक साधं कोष्टक निघालं. यातल्या कोणत्याही दोन खुणा एकत्र दिसल्या तर जंतुदोष समजायचा. पहिल्या तीन खुणा मला या सगळ्या विषयाच्या गाभ्याशी वाटतात. आधी नीट रडणारं बाळ आता हळू रडतं किंवा रडतच नाही. आधी नीट दूध ओढणारं बाळ आता ओढत नाही. आधी जागं असणारं बाळ आता मलूल पडलंय. तिन्हींत 'आधी' आणि 'आता' आहे. आधी काय होतं हे कुठलंही यंत्र सांगू शकत नाही. आई सांगते, आजी सांगते, काल येऊन गेलेली आरोग्यदूत सांगते.

या कोष्टकावर विसंबून आरोग्यदूतांनी घरीच जेंटामायसिनची इंजेक्शनं दिली. शिक्षण जेमतेम असलेली बाई तान्ह्या बाळाला सुई टोचणार, यावर वैद्यकातल्या मोठमोठ्या माणसांच्या भुवया उंचावल्या. निकाल डिसेंबर १९९९ च्या 'लॅन्सेट'मध्ये आला. प्रयोग ३९ गावांत झाला आणि तुलनेसाठी ४७ गावं होती. जंतुदोष झालेल्या बाळांपैकी आधी १६.६ टक्के दगावत होती, आरोग्यदूतांनी उपचार सुरू केल्यावर २.८ टक्के. प्रयोगाच्या गावांत नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून साधारण २५ वर उतरला. पुढे २०११ पासून आशाताईंनी घरी जाऊन बाळाला पाहण्याचा कार्यक्रम देशभर सुरू झाला, त्याचं मूळ इथे आहे.

या यशाची गोष्ट मराठी वाचकाला ठाऊक आहे, म्हणून ती पुन्हा सांगण्यासाठी मी हे लिहीत नाही. मला त्यातली पद्धत महत्त्वाची वाटते. घरातल्या माणसांनी दिलेली माहिती इथे पुराव्याचा दर्जा मिळवून गेली. 'सर्च'चं रुग्णालय बांधतानाही आदिवासींना विचारलं होतं, आणि त्यांच्या म्हणण्याप्रमाणे ते झोपड्यांच्या वस्तीसारखं उभं राहिलं, दंतेश्वरी देवीचं नाव घेऊन. ज्यांच्यासाठी संशोधन करायचं, त्यांना प्रश्न ठरवतानाच बोलवायचं, ही रीत तिथे होती. तान्ह्या बाळाच्या जागी नव्वदीच्या आजी ठेवून पाहा. आधी नीट बोलणाऱ्या आता बोलत नाहीत, आधी भाकरी खाणाऱ्या आता पेजही घेत नाहीत, आधी आपणहून उठणाऱ्या आता उठत नाहीत. गडचिरोलीचं कोष्टक जवळजवळ तसंच लागू पडतं. तरीही आपल्याकडे वृद्धाश्रमांसाठी असं काम मोठ्या प्रमाणावर उभं राहिलेलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

कोविडच्या काळात इंग्लंडमध्ये ते काही प्रमाणात झालं. वृद्धनिवासांत माणसं पटापट जात होती, तेव्हा युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या लॉरा शॅलक्रॉस यांच्या गटाने 'व्हिवाल्डी' नावाचा अभ्यास सुरू केला. मे-जून २०२० मध्ये पाच हजारांहून जास्त निवासांच्या व्यवस्थापकांना फोनवर प्रश्न विचारले गेले. मास्क, अलगीकरण, स्वच्छता हे सगळं विचारलं होतंच. पण एक प्रश्न असाही होता, की कर्मचारी आजारी पडला तर त्याला पगार मिळतो का? जिथे आजारपणात पगार मिळत होता, तिथे रहिवाशांना संसर्ग कमी होता. जिथे एजन्सीमार्फत बदली माणसं वारंवार येत होती, तिथे जास्त होता. विषाणू पगारपत्रकाच्या वाटेनेही आत येतो, हे तिथे काम करणाऱ्या प्रत्येकाला आधीच ठाऊक होतं. पुढे 'व्हिवाल्डी'चं काम चालू राहिलं तेव्हा रहिवासी, नातेवाईक आणि कर्मचारी यांना आखणीत घेतलं गेलं. आमची कोणती माहिती घेणार, कोण पाहणार, मला नको असेल तर वगळणार का, हे प्रश्न त्यांच्यासमोर ठेवले गेले.

आता हाच पगाराचा प्रश्न भेस्तानला आणून पाहा. आपल्याकडे राज्य कामगार विम्याची योजना आहे. त्यात विमाधारकाला आजारपणात वर्षातून ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळतं. गिरणीत विम्याचा नंबर असलेल्या नवऱ्याला ही सोय आहे. पण ब्युरोने आज या घरी आणि उद्या त्या केंद्रात पाठवलेल्या त्याच्या बायकोला एका दिवसाची रजा म्हणजे एका दिवसाचा खाडा, आणि दोन दिवसांची रजा म्हणजे जागेवर दुसरी बाई. ती सर्दी-खोकला अंगावर काढून कामावर जाते, आणि तिला दोष देण्याचा अधिकार कोणालाच नाही. वृद्धाश्रमातल्या संसर्गावर उद्या सुरतेत कोणी अभ्यास करायला घेतला आणि त्याच्या प्रश्नावलीत सॅनिटायझरच्या बाटल्यांची संख्या असली पण हा खाडा नसला, तर तो अभ्यास मला अपुरा वाटेल. हा प्रश्न प्रश्नावलीत यायचा तर ती लिहिताना एक आया टेबलाशी बसलेली हवी, आणि तेवढ्या वेळाचा तिला मोबदला मिळायला हवा.

मोठ्या यंत्रसामग्रीची या कामाला नेहमी गरज असते असंही नाही. जपानमध्ये योनेयामा आणि सहकाऱ्यांनी ११ वृद्धनिवासांत निम्म्या रहिवाशांचे दात आणि तोंड प्रत्येक जेवणानंतर परिचारिका व मदतनिसांकडून स्वच्छ करून घेतलं. दोन वर्षांत न्यूमोनियाचं प्रमाण त्यांच्यात ११ टक्के राहिलं, उरलेल्यांत ते १९ टक्के होतं. तोंडातले जंतू लाळेबरोबर फुप्फुसात उतरतात, म्हणून हा फरक. म्हणजे ब्रश आणि कोणाची तरी दहा मिनिटं. ती दहा मिनिटं वीस माणसांमागे एकच मावशी असताना कुठून काढायची, हे तिच्याशी बोलल्याशिवाय ठरत नाही. लघवीच्या तपासणीचंही तसंच. दीर्घकाळ निवासात राहणाऱ्या वृद्ध बायकांपैकी पाव ते निम्म्या बायकांच्या लघवीत त्रास नसतानाही जंतू सापडतात. आजी जरा चिडचिड्या झाल्या की तपासणी होते, जंतू दिसतात, प्रतिजैविक सुरू होतं, आणि पुढच्या खऱ्या संसर्गात तेच औषध लागू पडत नाही. आजी आज चिडल्या आहेत की नेहमीच चिडक्या आहेत, हे एक माहीत असलं तरी कितीतरी गोळ्या वाचतील.

नातेवाइकांविषयी थोडं वेगळं लिहायला हवं. मार्च २०२० नंतर महाराष्ट्रात, गुजरातेत, जगभर वृद्धाश्रमांची फाटकं बंद झाली. कारण रास्त होतं. पण मुलगा किंवा सून दाराबाहेर थांबली तेव्हा फक्त भेट बंद झाली नाही, एक निरीक्षकही बाहेर राहिला. नेदरलँड्समध्ये मे २०२० मध्ये २६ निवासांत नियम पाळून भेटी पुन्हा सुरू केल्या, आणि रहिवासी, घरचे लोक व कर्मचारी यांच्यावर काय परिणाम होतो हे संशोधकांनी सोबत राहून नोंदवलं. त्या पहिल्या आठवड्यांत नवा संसर्ग दिसला नाही, रहिवाशांची मनं सावरली. फाटक उघडायचं की नाही हा निर्णय भीतीवर सोडला नाही, सगळ्यांना सोबत घेऊन तपासून पाहिला. आपल्याकडे तो बहुतेक ठिकाणी एका सूचनाफलकावर संपला.

मात्र सोबत घेणं म्हणजे सही घेणं नव्हे. हे नीट सांगायला हवं, कारण बंद दाराआडच्या माणसांवर संशोधन करण्याचा आपला इतिहास दुखरा आहे. वाल्देमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली, हे थोरच. त्याच महिन्याच्या शेवटी भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला तेव्हा ती कैद्यांना दिली गेली. घेणारे स्वेच्छेने पुढे आले असं नोंदलं आहे, आणि लसीने त्यांतल्या अनेकांना वाचवलं. तरी साहेबाने विचारल्यावर कैद्याची स्वेच्छा किती मोकळी असते, हा प्रश्न उरतोच. तो सव्वाशे वर्षांपूर्वीच मिटला असं मानायचं कारण नाही. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यांत मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लस देण्याचा अभ्यास झाला. ओरड झाल्यावर २०१० मध्ये तो थांबवावा लागला, आणि २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने त्यावर कडक अहवाल दिला. आंध्रातल्या ९,५४३ संमतिपत्रांपैकी २,७६३ वर वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. आईबापांचा पत्ता नव्हता, मुलींना विचारलं नव्हतं. वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापकाची सही याच जातीची आहे. छप्पर ज्याचं, जेवण ज्याचं, त्याला नाही कसं म्हणायचं, हे संकोचाने भरलेले वृद्ध आपणहून बोलणार नाहीत.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या नीतिविषयक सूचना संस्थांत राहणाऱ्यांना असुरक्षित गटात धरतात, समुदायाचा सहभाग मागतात, सल्लागार मंडळाची कल्पना मांडतात. पुण्यात राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेने २००५ मध्ये एचआयव्ही लसीची चाचणी केली, तेव्हा सामान्य लोकांचं असं सल्लागार मंडळ तिथे कामाला होतं. तेव्हा ही पद्धत मराठी मुलखात परकी नाही. स्मृतिभ्रंश झालेल्या आजोबांकडून संमती घेता येत नसेल तर घरच्या माणसाची घ्यावी, पण आजोबांनी हात मागे घेतला तर तो नकार मानावा, इतकी सभ्यता संशोधकाच्या अंगी हवी.

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० वृद्धांच्या सोयीचा एक आश्रम असावा अशी अपेक्षा आहे. आश्रम वाढतील, खाजगी केंद्रंही वाढतील, आणि प्रत्येक केंद्राबरोबर एका छपराखाली थकलेल्या फुप्फुसांची एक रांग वाढेल. फ्लू, खरूज, जुलाब, क्षय हे सगळं त्या रांगेत फिरणार आहे. यावर अभ्यास करायला निघालेल्या वैद्यकीय महाविद्यालयांना माझी विनंती आहे, की पहिली बैठक रात्रीच्या पाळीनंतर घ्या, मावशी, मामा आणि दोन रहिवासी यांच्यासह, त्यांच्या भाषेत. सुरतेत ती अहिराणीतही व्हायला हवी. निकाल आल्यावर तो आधी त्यांनाच सांगा.

आणि ज्यांचं कोणी माणूस अशा ठिकाणी आहे, त्या वाचकांना सांगायचं ते इतकंच. पुढच्या भेटीत व्यवस्थापकांकडे एका वहीचा आग्रह धरा. रोज एक ओळ, प्रत्येक खाटेसाठी, की कालच्यापेक्षा आज काय वेगळं आहे. वही मावशीने लिहावी, लिहिता येत नसेल तर सिस्टरने विचारून लिहावी, आणि डॉक्टरांनी ताप पाहण्याआधी ती वाचावी. मावशीचं नाव विचारून घ्या. ती आजारी पडली तर तिचा पगार कापला जातो का, हेही विचारा, कारण त्या उत्तराशी तुमच्या आईची तब्येत बांधलेली आहे.